नदीच्या खोट्या नोंदी

आकाराम : आत या की सर, उंबऱ्यात कशापायी उभं ऱ्हायलाय? ताई, सरांची लेक न्हवं तुमी? तुमी बी या. घोंगडं हातरलंय. म्हशीचा वास येतोय, तेवढा चालवून घ्या.

नृसिंहराव : वास कसला घेऊन बसलास, आकाराम. मला इथं श्वास मिळेना झालाय. टांगा तुझ्या बोळात शिरत नाही, शंभर पावलं चालावं लागलं. निवृत्त प्रोफेसराच्या छातीला हे बावडा गाव म्हणजे हिमालय आहे.

श्यामला : दादा, आधी दम घ्या, मग बोला. मामा, पाणी मिळेल?

आकाराम : घ्या की. धा वर्सांनी पाय लागलं सरांचं. एक्केचाळीस साली मी तुमच्या दारात आलतो. आता एक्कावन. मधी तोंड बघितलं न्हाय एकमेकांचं.

नृसिंहराव : त्याबद्दल मग बोलू. आधी कामाचं. बंधाऱ्यावरच्या, नदीची उंची मोजायच्या पट्टीचं जुनं रजिस्टर तुझ्याकडे आहे म्हणे. एकोणचाळीस सालचं.

आकाराम : कुणी सांगितलं?

श्यामला : मीच चौकशी केली, मामा. हल्ली पट्टी बघतो तो माणूस म्हणाला, संस्थान विलीन झालं तेव्हा खात्यानं जुनी बाडं बाहेर फेकली, त्यातलं एक तुम्ही उचलून आणलंत.

आकाराम : नदीचं पाणी मी मोजलं, आकडं माझ्या हातानं लिवलं. मग मीच उचलणार की. तुमाला काय करायचं त्याचं?

नृसिंहराव : सांग गं तू. मला एवढं बोलवत नाही.

श्यामला : मी पुण्याला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते, मामा. तिथल्या ग्रंथालयात एक अमेरिकन मासिक आलं. टेलिफोन कंपनीतल्या एका माणसाचा लेख आहे त्यात, दोन वर्षांपूर्वीचा. तारेतून आवाज जातो, तो सारखा वरखाली होत असतो. हा माणूस म्हणतो, सगळा आवाज पाठवायची गरज नाही. ठरावीक वेळानं त्याचं माप घ्यायचं आणि नुसती मापं पाठवायची. पलीकडच्याला त्यावरून मधला सगळा आवाज जसाच्या तसा काढता येतो. अट एकच. आवाज जितक्या झपाट्यानं वरखाली होतो, त्याच्या दुपटीहून जास्त वेळा माप घ्यायचं.

आकाराम : म्हंजे पट्टीचंच झालं की हे!

नृसिंहराव : बघ! बघ श्यामला! तुमच्या पुण्याच्या विद्वानांना तास तास समजावून सांगावं लागलं, आणि ह्याला एका दमात कळलं. पट्टीचंच आहे ते. मी ते चाळीस साली गणितानं सिद्ध केलं. कॉलेजच्या वार्षिक अंकात छापलं. पण मराठीत! तिथंच घात झाला. अठ्ठेचाळीसच्या जाळपोळीत माझ्या वह्या गेल्या, अंक गेले, कपाटासकट गेलं सगळं. आता जगभर त्या अमेरिकनाचा डंका, आणि मी इथं कोल्हापुरात शुक्रवार पेठेत खोकत पडलोय.

श्यामला : एक अंक सापडलाय, कुरुंदवाडला आत्याच्या ट्रंकेत. मुंबईच्या एका मोठ्या गणितज्ञांना पत्रही लिहिलंय. पण दादांचं म्हणणं, नुसता लेख पुरणार नाही. ज्या मोजणीवरून हे सुचलं तिचा मूळ कागद हवा, तारखेसकट.

आकाराम : लेख आणलाय न्हवं?

श्यामला : आणलाय.

आकाराम : मग वाचा की. मला दिसत न्हाय आता बारीक अक्षर.

नृसिंहराव : ते कशाला आत्ता? टांगेवाला खोळंबलाय तिकडं.

आकाराम : खोळंबू दे. वाचा ताई.

श्यामला : "पंचगंगेच्या पात्रात उन्हाळ्यात एक चमत्कार दिसतो. उसाची इंजिने दिवसभर पाणी उपसतात, म्हणून नदी सायंकाळपर्यंत चार बोटे उतरते व सकाळपर्यंत पुन्हा भरते. परंतु रोज सकाळी एकदाच पट्टी पाहणाऱ्यास नदी मुळीच हलत नाही असे वाटते. यावरून प्रस्तुत लेखकाच्या मनात असा विचार आला की—"

आकाराम : थांबा. कुणाच्या मनात?

श्यामला : प्रस्तुत लेखकाच्या.

आकाराम : म्हंजे कुणाच्या?

नृसिंहराव : अशी लिहिण्याची पद्धत असते, आकाराम.

आकाराम : म्हंजे तुमच्या. बरं. फुडं वाचा.

श्यामला : "—असा विचार आला की, दिवसातून दोहोंहून अधिक वेळा पाहिल्यास मधल्या सर्व तासांची उंची काढता यावी. पडताळ्यासाठी लेखकाने भिंतीवर मापाप्रमाणे खिळे ठोकले व त्यांतून बांबूची कामटी वाकवून…" दादा, खिळे तुम्ही ठोकलेत? तुम्हाला घरात देवाची तसबीर टांगता येत नाही.

नृसिंहराव : श्यामला!

आकाराम : ताईस्नी रागवू नका. खिळं मी ठोकलं. सायबाचा हुकूम हुता, दर तासाला आकडा लिवायचा. चोवीस तास, चोवीस आकडं. मी वर्सभर बघितलं आन् मला उमगलं, नदी काय माकड न्हाय इकडनं तिकडं उडी माराय. तिला चढाय वेळ लागतोय, उतराय वेळ लागतोय. मग दिसातनं तीनदा बघायचं, तीन खिळं ठोकायचं. दुसऱ्या दिशी आनि तीन. खिळ्याखिळ्यातनं कामटी घातली की तिला वाकंल तशी वाकू द्यायची आन् तिच्यावरनं तासातासाचं पाणी वाचायचं.

श्यामला : आणि दोनदा पाहिलं तर?

आकाराम : फसतंय कवातरी. दुपारी बाराला आन् रात्री बाराला बघा की. दोन्ही टायमाला पाणी मधल्यातच. पुन्हा नदी हलत न्हाय. म्हणून दोनाच्या वर पायजे.

श्यामला : दादा, हे तर तुमच्या लेखातलं शेवटचं कलम आहे. शब्दाला शब्द.

नृसिंहराव : मी नाही कधी म्हटलं? मी संध्याकाळी बंधाऱ्यावर फिरायला जात असे. ह्याच्या चौकीत भिंत पाहिली आणि उभाच राहिलो. छत्री आणि घड्याळ घेऊन आठ दिवस तासातासाला मोजलं मी. ह्याच्या कामटीत आणि नदीत एका बोटाचा फरक निघेना. पण श्यामला, तू तरी समजून घे. ह्याला ते जमत होतं. का जमतं, कुठवर जमतं, ते मी सांगितलं. तीन महिने अन्न गोड लागलं नव्हतं मला. सिद्धता माझी आहे!

आकाराम : तुमचीच हाय की. मी कुठं मागाय आलोय? तुमी आलाय माझ्या दारात.

नृसिंहराव : म्हणून तर आलो. रजिस्टर दे. त्या अमेरिकनाच्या आधी दहा वर्षं कोल्हापुरात हे झालं होतं, एवढं एकदा छापून येऊ दे. मग मी मरायला मोकळा.

आकाराम : हे घ्या. उघडा ताई.

श्यामला : मामा… हे तांबड्या शाईनं काय लिहिलंय? प्रत्येक पानावर?

आकाराम : वाचा की मोठ्यानं.

श्यामला : "खोटी नोंद. खोटी नोंद. सबब अग्राह्य." आणि खाली सही, शिक्का. पान न् पान खोडलंय, दादा!

आकाराम : सरांनी तुमाला काय सांगितलं न्हाय वाटतं. एक्केचाळीस साली तपासनीस आलता. झाडाआड बसून त्यानं दोन दीस बघितलं. माणूस तीनदाच पट्टीवर जातोय आन् आकडं चोवीस लिवतोय. धरला मला. आकडं खरं हाईत म्हणून मी पाय धरलं. ऐकतोय कोण? नोकरी गेली. चावडीसमोर पुकारा झाला, आकारामानं दरबाराला फसवलं म्हणून. तवा मी तुमच्या पेठेत आलतो.

श्यामला : दादांकडे?

आकाराम : म्हणलं, सर, तुमी आठ दीस सोता मोजलंय. सायबाला एवढंच सांगा, आकडं खरं हाईत. दुसरं काय नको.

श्यामला : दादा, तुम्ही काय म्हणालात?

नृसिंहराव : म्हणालो की… कॉलेजच्या माणसानं दरबारच्या खात्यात तोंड घालू नये.

श्यामला : एवढंच?

नृसिंहराव : लेख नुकताच छापून आला होता, श्यामला. दिवाणसाहेबांनी शाबासकी दिली होती. सांगायला गेलो असतो तर पहिला प्रश्न आला असता, ही रीत कुणाची? भ्यालो मी. झालं समाधान? दहा वर्षं मनाला बजावत होतो की माझ्या सांगण्यानं तरी ह्याची नोकरी कुठं वाचणार होती! आणि आता तो तिकडचा माणूस माझं नाव घेत नाही म्हणून मला झोप येत नाही.

आकाराम : त्याला तुमचं नाव ठावं तरी हाय का?

नृसिंहराव : नाही.

आकाराम : मग त्याचा काय दोष सर? तुमाला तर माझं नाव ठावं हुतं.

नृसिंहराव : आता घालतो, आकाराम. पत्रात पहिलं नाव तुझं. आकाराम… अरे, तुझं आडनाव काय?

आकाराम : ऱ्हाऊ द्या सर.

नृसिंहराव : श्यामला, मी टांग्यात जाऊन बसतो. नको, हात नको धरूस. जाईन मी.

(नृसिंहराव काठी टेकत बोळातून टांग्याकडे जातात.)

आकाराम : जावा तुमी बी. वाटंत पडतील बिडतील.

श्यामला : जाते. मामा, एक सांगायचंय. दादांना ठाऊक नाही. मुंबईचं उत्तर आलंय, माझ्या पुण्याच्या पत्त्यावर. महिना झाला.

आकाराम : काय म्हणत्यात?

श्यामला : हे सगळं एकोणीसशे पंधरा सालीच एडिंबरोच्या एका गणितज्ञानं लिहून ठेवलंय. तेहेतीस साली एका रशियनानं पुन्हा शोधलं. तो अमेरिकन तर स्वतःच म्हणतो की त्यांच्या धंद्यात हे सगळ्यांना माहीतच आहे. त्यानं पहिलेपणाचा दावा केलेलाच नाही. दादांची लढाई कुणाशी नाहीच आहे, मामा. समोर कुणी उभंच नाही.

आकाराम : आन् तरी तुमी त्यास्नी हितवर आणलंसा?

श्यामला : काय करू? रोज दुपारी दाराशी बसतात, पोस्टमन आला का म्हणून. डॉक्टर म्हणालेत, पावसाळा निघणं कठीण. रजिस्टर मिळालं की बघू, असं म्हणत एकेक दिवस ढकलतेय. सांगून टाकू का त्यांना?

आकाराम : नका सांगू. कशाला? छाती कशी वाजतीया बघितलं न्हवं. हे बाड बी घिऊन जावा. बसतील चाळत.

श्यामला : नको, मामा. ती तांबडी शाई त्यांच्या डोळ्यांसमोर कशाला? तुमच्यापाशीच असू दे. एका अर्थी… रागावू नका हं, पण तेव्हा दादांनी तुमचं नाव छापलं असतं, तरी शेवटी हेच झालं असतं. एडिंबरोचा माणूस पंचवीस वर्षं आधीचा. जगाच्या लेखी तुम्हीही कुणी नव्हता आणि दादाही.

आकाराम : जगाचं कोण बोलतंय ताई? माझ्या आधी तीस वर्सं माझा बा त्या पट्टीवर हुता. थंडीवाऱ्यात तासातासाला उठायचा. त्यानं शब्द टाकला म्हणून मला ती जागा मिळाली. पुकारा झाला त्या दिशी तो माझ्या शेजारनं भरल्या ताटावरनं उठून गेला. एका घरात ऱ्हाऊन नऊ वर्सं माझ्याशी बोलला न्हाय. गेल्या चैतात गेला, तवा बी भिंतीकडं तोंड करून.

श्यामला : मामा…

आकाराम : मला काय त्या अमेरिकेत जायाचं न्हवतं. माझं नाव छापलेलं तेवढं एक पान बाला वाचून दावलं असतं.