सावेबाईंचे चौदा दिवस

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या शिक्षण मंडळाचे कार्याध्यक्ष माननीय सदानंद राऊतसाहेब, व्यासपीठावर बसलेल्या आपल्या मुख्याध्यापिका ज्ञानदाताई म्हात्रे, निर्मळ-नंदाखालहून आलेले पालक, फुलपाड्याहून भर उन्हात रिक्षा बदलत आलेले माजी विद्यार्थी, माझ्याबरोबर रोज एकाच टेबलावर डबा खाणारे शिक्षक बंधुभगिनी, आणि ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो त्या सत्कारमूर्ती, भूगोलाच्या वसुंधरा सावेबाई, आपणा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

मी रोझलिन तुस्कानो. या शाळेत बावीस वर्षं गणित शिकवते आहे. अध्यक्षसाहेबांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. मी जास्त घेणार आहे, हे आधीच सांगून टाकते.

माझ्याआधी तीन वक्ते बोलले. फार सुंदर बोलले. पण गणिताची खोड जात नाही, मी मोजत होते. 'त्यागमूर्ती' हा शब्द सहा वेळा आला. बाईंनी वृद्ध सासूबाईंची सेवा केली, स्वतःची हौस बाजूला ठेवली, परदेशी जायचं स्वप्न हसत हसत सोडलं, असं आपण ऐकलं आणि टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण हसत हसत? कुणी पाहिलं होतं त्यांना हसताना? मी त्या दिवशी समोर होते. बाई हसल्या नव्हत्या.

तेव्हा आज थोडं खरं बोलते. बाईंची परवानगी मी घेतली आहे. 'बोल, पण लांबण लावू नकोस,' असं त्या म्हणाल्यात.

आपल्यातल्या नव्या शिक्षकांना कदाचित ठाऊक नसेल. सावेबाईंचे यजमान चौऱ्याण्णव साली गेले. मूलबाळ नाही. निर्मळच्या वाडीतल्या त्या घरात बाई आणि त्यांच्या सासूबाई रुक्मिणीआजी, दोघीच. वर्षा-दोन वर्षांत आजींना विसर पडायला लागला. आधी दिवस विसरल्या, मग माणसं. घरातून निघून जायच्या. जेवायच्या फक्त बाईंच्या हातून. दीर दादरला असतात. ते गणपतीत यायचे आणि म्हणायचे, "वहिनी, तुम्ही किती छान सांभाळता!" आणि दीड दिवसाच्या गणपतीबरोबर तेही परत.

बाईंना या घरातून सुटका होती ती शाळेचीच. सकाळी अकरा ते पाच. तेवढा वेळ शेजारच्या मनोरमाकाकू आजींजवळ बसायच्या. लोकांना सुट्टी लागली की आनंद होतो. मे महिना जवळ आला की सावेबाईंचा चेहरा उतरायचा.

अशा त्या दिवसांत, सत्याण्णव साली, बाईंनी फोर्टातल्या फुटपाथवरून युरोपातल्या रेल्वेगाड्यांचं एक जुनं, जाडजूड वेळापत्रक आणलं. वर्गात दाखवायला म्हणून आणलं, आणि त्यात स्वतःच बुडाल्या. मधल्या सुट्टीत आम्ही डबे उघडायचो आणि बाई जर्मनीचा नकाशा उघडायच्या. माइन्झहून कोब्लेन्झला जायचं तर उजवीकडची खिडकी धरायची, कारण ऱ्हाइन नदी आणि काठावरचे किल्ले त्या बाजूला. वुपरटाल नावाच्या गावात रुळाला खाली लटकून चालणारी गाडी आहे, नदीच्या वरून जाते. काळ्या अरण्यात एका रेल्वेमार्गावर एकोणचाळीस बोगदे, आणि गाडी डोंगर चढताना इतकी वळते की खाली आपलेच मागे टाकलेले रूळ दिसतात. हे सगळं बाई न पाहता सांगायच्या, आणि आम्हाला डब्यातली भाजी लागायची नाही.

सगळ्यात लाडका होता ब्रॉकेन नावाचा डोंगर. अजून वाफेचं इंजिन वर जातं. जर्मनी दोन होती तेव्हा तो डोंगर सरहद्दीवर अडकला होता. तीसेक वर्षं माथ्यावर फक्त सैनिक. खालच्या गावातली माणसं रोज सकाळी तो बघायची, पण वर जायची सोय नाही. हे सांगताना बाई एकदा वर्गात थांबल्या. मी बाहेरच्या व्हरांड्यात होते. पुढचं वाक्य यायला फार वेळ लागला.

हळूहळू या वाचनाची योजना झाली. चौदा दिवस. सगळा प्रवास रेल्वेचा. कुठे उतरायचं, कुठे गाडी बदलायची, कुठल्या खिडकीत बसायचं, सगळं ठरलेलं. मानहाइमला गाडी बदलायला फक्त सात मिनिटं मिळत होती. तेवढ्यात जमेल का? बाईंनी एका शनिवारी शाळा सुटल्यावर एका बॅगेत बारा नकाशासंग्रह भरले आणि मला घड्याळ धरून व्हरांड्यात उभं केलं. मैदानाच्या या टोकापासून जिन्यावरून वरच्या मजल्यापर्यंत आणि परत! साडेपाच मिनिटं. घाम पुसत म्हणाल्या, "रोझलिन, दीड मिनिट हातात राहतंय. पाणी पिऊ शकते मी." शिपाई झाडू टेकून बघत राहिला होता.

मग सुमेधचं पत्र आलं. आपला फुलपाड्याचा सुमेध, नव्वदच्या बॅचचा, नोकरीसाठी जर्मनीत हानोव्हरला गेला होता. त्याने लिहिलं, 'बाई, निमंत्रणाचं पत्र मी पाठवतो. ब्रॉकेनला आपण दोघं जाऊ.' नकाशावरची गोष्ट एकदम खरी झाली. मे दोन हजार दोन. अडलं एकाच ठिकाणी. आजींजवळ राहणार कोण? मनोरमाकाकू दिवसा बसायच्या, पण चौदा दिवस घर सांभाळणं त्यांच्या वयात शक्य नव्हतं.

तेव्हा मी म्हणाले, "मी राहीन."

याच शाळेच्या शिक्षक-खोलीत, सगळ्यांसमोर म्हणाले. तुम्ही तेव्हाही टाळ्या वाजवल्या होत्या.

एप्रिलमध्ये बाईंचा व्हिसा झाला. पासपोर्ट आणायला त्या मुंबईला जाणार होत्या. तो दिवस आम्ही तालमीचा ठरवला. मी एकटीने आजींना सांभाळायचं. जेवण माझ्या हातून झालं. दोन घास जास्तच गेले. मला वाटलं, हे तर सोपं आहे! दुपारी त्या निजल्या. मी ओटीवर उत्तरपत्रिका तपासत बसले. मान वर केली तेव्हा खाट रिकामी होती.

विहीर पाहिली. केळीच्या सऱ्या पाहिल्या. देवळापर्यंत धावले. चाळीस मिनिटं. शेवटी वाडीच्या मागच्या बावखलात दिसल्या. आपल्याकडच्या मंडळींना बावखल सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते, वाडीतलं गोड्या पाण्याचं खोल तळं. आजी कंबरभर पाण्यात उभ्या होत्या. तरुणपणी त्यांच्या पानवेली होत्या, विड्याची पानं धुवायची सवय. हातात कसलीतरी रानपानं घेऊन त्या एकेक पान धूत होत्या. अजून दोन पावलं पुढे, की तळ नाही.

मी साडीसकट उतरले. हात धरला. त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "पानी थंड हाय गो. तू कशाला आलीस?"

घरी आणलं, कोरडं लुगडं नेसवलं, केस पुसले. माझी साडी अंगावरच वाळली. पाच वाजता बाई आल्या. उंबऱ्यातच पासपोर्ट उघडून दाखवला. "रोझलिन, हा बघ शिक्का!" बावीस वर्षांत मी त्यांना तसं कधी पाहिलं नाही. मग विचारलं, "त्रास नाही ना दिला यांनी?"

मी म्हणाले, "छे! काहीच नाही."

चार दिवस मला जेवण गेलं नाही. डोळे मिटले की ते पाणी दिसायचं. चौदा दिवस! बाई तिकडे डोंगरावर असताना इथे काही झालं तर? पाचव्या दिवशी मी बाईंना निरोप पाठवला, की पीटरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कावीळ झाली आहे, डॉक्टरांनी महिनाभर विश्रांती सांगितली आहे, मला जमणार नाही.

अध्यक्षसाहेब, पीटरला कावीळ झाली नव्हती.

हे मी आज पहिल्यांदा चारचौघांत बोलते आहे. पण इथे संपत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सावेबाई नंदाखालला आमच्या अंगणात उभ्या. सायकलच्या कॅरियरला चार शहाळी बांधलेली, पीटरसाठी. आणि पीटर कुठे होता? छपरावर. पावसाळ्याआधी कौलं चाळत होता. वरूनच ओरडला, "या बाई, या! आज इकडे कुठे?"

मी दारात होते. मला वाटलं, आता धरणी फाटावी. बाईंनी वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याला म्हणाल्या, "सहज आले होते. शहाळी जास्त झाली घरात." चारही शहाळी ओट्यावर ठेवली आणि गेल्या. माझ्या नवऱ्यासमोर त्यांनी मला उघडं पाडलं नाही. त्या आठवड्यात तिकीट रद्द झालं. सुमेधला त्यांनी कळवलं, 'घरच्या अडचणीमुळे येऊ शकत नाही.' जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा टेबलावर नकाशा नव्हता. आणि आपण सगळे म्हणू लागलो, काय हा त्याग!

मंडळी, तो त्याग नव्हता. त्याग करणारा स्वतःहून सोडतो. बाईंना जायचं होतं. दार उघडलं होतं, ते मी बाहेरून लावलं. आणि बंद दारामागच्या माणसाला आपण तीन वर्षं हार घालतो आहोत.

त्यानंतर दर रविवारी चर्चमधली मिस्सा संपली की मी आजींजवळ दोन तास बसते. सगळ्यांना वाटतं, काय मैत्री! मैत्री आहेच. पण मी भीतीनं आणि शरमेनंही जात होते. गेल्या महिन्यात निवृत्तीची तारीख फळ्यावर लागली आणि माझ्या लक्षात आलं, आता अकरा ते पाचही गेले. आता बाई आणि ते घर, दिवसभर. तेव्हा एका रविवारी सगळं सांगून टाकलं. बावखल, लुगडं, कावीळ.

बाई भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "सासूबाईंनी त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. 'त्या पोरीनं माझं लुगडं बदललं' म्हणून. ओलं लुगडं दोरीवर होतंच. तू कधी सांगतेस, याची मी तीन वर्षं वाट बघते आहे."

"तुम्ही रागावला नाहीत?"

"रागावले की! खूप रागावले. पण रागावून मी जाणार कुठे? तू आलीस की मला दोन तास झोप मिळायची. तुला तोडलं असतं तर तेही गेलं असतं."

 

मग त्यांनीच विचारलं, "पाण्यात कुठल्या बाजूने उतरल्या होत्या?" मी दाखवलं. दुसऱ्या रविवारी पीटरने आणि मी बावखलाला कमरेएवढं जाळीचं कुंपण घातलं, मागच्या दाराला वरून कडी लावली. बाई कठड्याशी उभ्या राहून खांब हलवून बघत होत्या. मी विचारलं, "बाई, सप्टेंबरात जाल?" त्यांनी आणखी एक खांब हलवून पाहिला. मग म्हणाल्या, "ब्रॉकेनवर वर्षातले तीनशे दिवस धुकं असतं. वर जाऊन काही दिसणारही नाही कदाचित." आणि पुढे म्हणाल्या, "तरी चालेल."

बाई, मान खाली घालू नका. माझं झालंच.

मंडळी, आज आपण बाईंना शाल दिली, श्रीफळ दिलं, चांदीची समई दिली. यातलं एकही आजींजवळ बसणार नाही. मी एकटी असले तर पुन्हा घाबरेन. मी स्वतःला ओळखते. म्हणून आता तुमच्याकडे मागते. सप्टेंबरचे चौदा दिवस आहेत. दर दिवशी, माझ्याखेरीज, आणखी एक माणूस त्या घरात हवं. दाराशी माझी मुलगी पॉलिन वही घेऊन उभी आहे. आपल्याच शाळेच्या लूर्डसबाईंनी तिसरा दिवस घेतला आहे, ज्ञानदाताईंनी दोन रविवार. नऊ... नाही, अकरा दिवस अजून रिकामे आहेत. चहा घ्यायच्या आधी वहीपाशी जा. आणि नाव लिहिलंत तर या. माझ्यासारखं करू नका.

अध्यक्षसाहेबांनी घड्याळाकडे पाहूनही मला थांबवलं नाही, त्याबद्दल त्यांची आभारी आहे. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आपलेही आभार. भाषणात शब्द कमीजास्त झाला असेल तर तो आपण पोटात घालालच. माझ्या हातून जे घडलं त्याची क्षमा मात्र मी या सभेकडे मागत नाही. ती द्यायची की नाही, हे सावेबाई परत आल्यावर ठरवतील. त्यांनी घाई करू नये.

नमस्कार.