बिदाईची कॅसेट

थांबा, पेन ठेवा अंदर, सुरभी मॅडम. सही करत नाही असं नाही म्हणून राह्यलो मी, पण आधी हा कागद मले मराठीत सांगा. म्हणजे थोडंथोडं समजलं मले — हक्क कायमचे, सगळ्या जगात, पाह्यजे तिथी दाखवू, पाह्यजे तसं कापू — हेच लिहिलं ना? हां. मान हलवली तुम्ही. बरं वाटलं. मागच्या वेळेस आलता थो टीव्हीवाला, थो म्हणे, 'नुसती फॉर्म्यालिटी हाय काका.' चहा घ्या, थंडा होऊन राह्यला.

हे सगळी अलमारी माझीच. 'घनश्याम व्हिडिओ शूटिंग, बाभुळगाव' — ब्याण्णवपासून दोन हजार आठपर्यंत. कळंब घ्या, यवतमाळ घ्या, ज्याच्या घरी लग्न थो पहिले माझी तारीख विचारे, मंग बाकीचं ठरवे. कुणब्यांच्या मांडवात मीच, बौद्धांच्या मंगल परिणयात मीच, तांड्यावर पूनमसिंगच्या चारही पोरींचे लग्न मीच घेतले. दर उन्हाळ्यात एकएक काढतो, पुसतो, उलटी गुंडाळून पुन्हा सुलटी करतो — नाही तं फीत चिकटते. लोकायनं आपल्या कॅसेट केव्हाच फेकल्या. माझ्याजवळ हायेत अजून. म्हूनच तं तुम्ही आल्या, नाही तं मुंबईहून इथी कोण येते?

तुमचा कार्यक्रम चांगला हाय, देतो मी. पण कॅसेट या खोलीच्या बाहेर जाणार नाही. मशीन इथी आणा, माझ्यासमोर कॉपी करा. या एकाच कार्यक्रमासाठी. दाखवाच्या आधी मले दाखवा. अन् ज्याचं तोंड दिसते त्याले विचारा — जिवंत असन तं त्याले, नसन तं त्याच्या लेकरायले. पैशाचं मी काही म्हणत नाही, तुम्ही देसान थे द्या. काहून इतक्या अटी म्हणता? अन् थे वरची, लाल डब्बीतली — नाही, तिले हात नका लावू. बसा. बसा, सांगतो.

दोन हजार नऊ साली थो आलता ना, त्यानं सात कॅसेट नेल्या. गावाकडच्या लग्नायवर करून राह्यलो म्हणे. मी — आता काय सांगू — फुगलो. माझी शूटिंग टीव्हीवर! वाचलं नाही, पुसलं नाही, सही मारली. त्यानं सहाच मागतल्या होत्या. सातवी, हे लाल डब्बीतली, मीच देली, माझ्या हातानं. माझ्या पोरीच्या लग्नाची, उर्वशीच्या. त्याच्यातली बिदाई माझं सगळ्यात चांगलं काम होतं — माझी बायको, विमल, गाडीची खिडकी धरून रडून राह्यली, डोक्यावरचा पदर घसरला, अन् मी हळूहळू, हळूहळू झूम करत तिच्या तोंडावर गेलो. हात जराकसाबी हालला नाही, मॅडम.

तीन महिन्यानं लागला कार्यक्रम. शेजारीपाजारी बोलावलते आम्ही, सतरंजी टाकलती. अन् लागला थो दुसराच — हुंड्यासाठी जाळलेल्या पोरीयचा. मधातच विमल दिसली, अन् खाली लिहिलं, 'मुलीला गमावलेली आई'. पोरगी माझी जिवंत! दारव्ह्याले सासरी सुखानं नांदून राह्यली! अन् विमलच्या मागं, गाडीजवळ, उर्वशीचा सासरा उभा — साफ दिसते, फोकसच तसा माझा. लोक त्यायच्या दुकानात येऊन विचारे, सून जाळली का म्हून. मी चॅनलले फोन केले, किती केले त्याचा हिशोब नाही. त्यायनं मले माझीच सही दाखवली. सासऱ्यानं एकच विचारलं, कॅसेट कोणं देली? बापानं देली. झालं. पोरीचं माहेर बंद. विमल पंचमीले वाट पाहे, दिवाळीले वाट पाहे, एसटीचा आवाज आला का फाटकात जाऊन उभी राहे. चार वर्षं. मंग काविळीनं गेली. पोरगी आली थे मातीलेच आली, अन् त्याच पावली परत.

आवाज? नाही, टीव्हीवर आवाज नव्हता. त्यायनं आवाज काढून वरून रडकं संगीत टाकलतं. माझ्या फितीत हाय, कॅसेट तेवढ्या परत धाडल्या होत्या त्यायनं. काय बोलते थे... जाऊ द्या. — नाही, बोलते थे. मले बोलून राह्यली. 'बंद करा ना जी थे. मले पाहू द्या तिले. तुम्हीबी या इथी.' तीनदा म्हणे. तीनदा. अन् उर्वशी खिडकीतून हात काढून 'बाबा, बाबा' करून राह्यली, अन् मी — मी डोळा कॅमेऱ्याले लावून — मले वाटलं, काय शॉट हाय! जवळ नाही गेलो मी. पोरीच्या डोक्यावर हात नाही ठेवला. गाडी गेली, अन् मी मागच्या धुळीवर फोकस करत बसलो. विमलनं पुढं कधी विषय काढला नाही थो. थो चॅनलवाला तं परका होता, मॅडम. त्याले काय बोलू मी?

कायले सांगितलं मी हे तुम्हाले. थो मोबाईल उलटा ठेवला तुम्ही — रेकॉर्डिंग चालू तं नाही ना? नाही, विचारलं फक्त.

लाल डब्बी पाह्यजे असन तं उर्वशीले विचारा. आई तिची हाय. तिनं हो म्हटलं तं न्या, नाही म्हटलं तं संपलं. हा घ्या नंबर. मी नाही लावत, तुम्हीच लावा. माझा नंबर पाहून थे उचलत नाही. — नको! इथून नका लावू. तिचा आवाज नाही ऐकाचा मले असा, दुसऱ्याच्या फोनात. बाहेर जा, पार रस्त्यावर जा. अन् तिनं विचारलं, बाबा कसे हायेत, तं...

नाही विचारणार थे. जा तुम्ही. दार ओढून घ्या.