निळ्या पुस्तकाची शेवटची सहा पानं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वाचनालयाचे कार्याध्यक्ष माननीय सुदर्शनराव पेरकर साहेब, प्रमुख पाहुण्या प्राचार्या श्रेया मॅडम, ज्यांच्यासाठी हे सभागृह आज भरलं आहे त्या आपल्या सत्कारमूर्ती, निवृत्त होणाऱ्या ग्रंथपाल आदरणीय रत्नमालाबाई दाभाडे, संचालक मंडळाचे सदस्य, आणि समोर बसलेले सर्व वाचक बंधू-भगिनींनो, सर्वांना सविनय जय भीम आणि नमस्कार.

आज रविवार, दिनांक २९ जून २०२५. सकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी मी दुकानात कोळसा पेटवत होतो आणि हे भाषण मोठ्यानं वाचून बघत होतो. शेजारच्या दूधवाल्यानं विचारलं, "प्रणय, कुणाशी भांडतोस?" म्हणून आत्ता आवाज चढला तर तो रागाचा नाही, भीतीचा आहे, हे आधीच सांगतो.

मला पुष्कळ जण ओळखतात, कारण निम्म्या सभागृहाचे कपडे माझ्याकडे इस्त्रीला असतात. अध्यक्ष साहेबांचा आजचा सदरासुद्धा. माझं शिक्षण नववीपर्यंत. तरी बाईंच्या निरोपाला विद्वान मंडळी सोडून मी का बोलतोय? त्याचं कारण आहे, आणि ते मला शेवटपर्यंत टाळता येणार नाही. पण आधी बाईंबद्दल बोलतो. तेवढं सोपं जातं.

आपल्यापैकी किती जणांना आपला पहिला दिवस आठवतो? बाई नवीन सभासदाला अर्ज भरायला देतात आणि दोन प्रश्न विचारतात. पहिला, "काय वाचायला आवडतं?" दुसरा, "चहा कसा पिता?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर लोक खोटं देतात, असं बाईंचं मत. सगळे म्हणतात चरित्र, वैचारिक. दुसऱ्याचं उत्तर मात्र कुणी खोटं देत नाही. मग त्या दुसऱ्या उत्तरावरून बाई पुस्तक काढतात. जो चहा गार होऊ देतो, त्याला प्रवासवर्णन, कारण तो बसल्या जागी कुठंतरी गेलेला असतो. जो खारी बुडवून बुडवून खातो, त्याला आत्मचरित्र. त्याला घाई नसते, दुसऱ्याच्या लहानपणापासून ऐकायची तयारी असते. बिनसाखरेचा पिणाऱ्याला बाई विनोदी पुस्तक देतात. का, ते मी विचारलं नाही, पण संचालक मंडळात बिनसाखरेचे तिघं आहेत आणि तिघांचंही हसू मी ऐकलेलं आहे.

मी सोळा वर्षांचा होतो. म्हणालो, "चहा उभ्यानं पितो, बाई. गरम गरम. दुकान असतं."

बाईंनी वर न बघता रहस्यकथांचं कपाट उघडलं.

दुसरी गोष्ट, जी फक्त आपल्या वाचनालयात आहे. इथं पान फाडलं, भिजवलं, उंदरानं खाल्लं, तर दंड पैशांत नाही. त्याच पुस्तकाची दुसरी प्रत शोधायची, तेवढी पानं स्वच्छ हातानं लिहून काढायची, खळीनं चिकटवायची, आणि खाली लिहायचं, 'मूळ प्रतीवरहुकूम', तारीख आणि सही. बाई म्हणतात, "पैसे देऊन माणूस मोकळा होतो. लिहून काढलं की ते पान त्याचं होतं."

आता मी त्या कारणाकडे येतो. अध्यक्ष साहेब, घड्याळाकडे बघू नका, चार मिनिटंच झालीत.

गुरुवार, दिनांक २३ ऑगस्ट २०१८, दुपारी चार वाजून चाळीस मिनिटं. माझ्या उजव्या हातात इस्त्री, डावीकडे चहाचा ग्लास, आणि टेबलाच्या कडेला उघडी एक रहस्यकथा. निळ्या पुठ्ठ्याची. नाव घेत नाही, कारण थोड्या वेळानं मला खुनी कोण ते सांगावं लागणार आहे. एका अडत व्यापाऱ्याचा त्याच्याच बंद गोदामात खून झालेला. घरातली सगळी मंडळी दिवाणखान्यात बसलेली. व्यापाऱ्याचा डॉक्टर, पुतण्या, मुनीम, कोपऱ्यात जप करणारी आंधळी मावशी. इन्स्पेक्टर दार लावून घेतो आणि म्हणतो, "खुनी याच खोलीत आहे." पान १८६ संपलं. समोरचं पान सरळ करायला मी डावा हात घातला आणि अख्खा ग्लास पुस्तकावर.

मग मी काय केलं? इस्त्रीवाल्यानं जे करावं तेच केलं. पानांवर इस्त्री फिरवली. सुती किती तापलेलं चालतं, रेशीम किती, हे मला झोपेतही कळतं. साखरेच्या चहात भिजलेल्या कागदाला किती ऊब द्यावी, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. १८७ ते १९२, सहा पानं, एकमेकांना चिकटली आणि करपली. शेवटची ओळ काय होती तेसुद्धा वाचता आलं नाही.

मी दुसरी प्रत शोधली. खोटं बोलत नाही, पाच रविवार शोधली. गुलमंडीत विचारलं. शहागंजला जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर विचारलं. गाडीवाला म्हणाला, "ये किताब? अरे भाई, छापनेवालाच गुजर गया, तुम किताब ढूँढ रहे!"

वाचनालयात पुस्तकाची मुदत संपली होती. बाईंना तोंड दाखवायची हिंमत नव्हती. मला वाटायचं, नाव काढून टाकतील, आणि मग मी वाचायचं काय? म्हणून, सभागृहातील सर्व मान्यवरहो, मी बसलो आणि ती सहा पानं माझ्या मनानं लिहिली. मला पहिल्यापासून डॉक्टरचा संशय होता. मी डॉक्टरला पकडून दिलं. इन्स्पेक्टरच्या तोंडी एक लांब भाषण घातलं. डॉक्टरला रडवलं. आणि खाली, याच हातानं, लिहिलं, 'मूळ प्रतीवरहुकूम'. बाईंना सांगितलं की शहागंजच्या गाडीवाल्यानं प्रत विकत दिली नाही, तिथंच उकिडवं बसून उतरवून घेतली.

हसा, हसा. मलाही तेव्हा बरं वाटलं होतं. बाईंनी पानं उन्हाकडे धरून बघितली आणि म्हणाल्या, "अक्षर छापल्यासारखं आहे रे." बाई रहस्यकथा वाचत नाहीत, कारण संध्याकाळी कुलूप लावून त्यांना एकटीला घरी जायचं असतं. त्यामुळे शेवट त्यांना ठाऊक नव्हता.

आणि त्या अक्षरामुळे पुढची सात वर्षं कुणाचंही पान फाटलं तर बाई मला बोलावू लागल्या. लिहून झालं की खिडकीजवळच्या बाकावर आल्याचा चहा. आधी कधीच नाही! असं करत मी आजपर्यंत तीनशे बारा पानं उतरवली. ती सगळी मात्र खरोखर मूळ प्रतीवरहुकूम आहेत, हे मी शपथेवर सांगतो. याच पानांनी मला उभ्यानं वाचणाऱ्याचा बसून वाचणारा केलं. प्रवासवर्णनाची अकरा पानं लिहून झाली तरी मी बर्फातच होतो आणि समोरचा चहा गार झाला, तेव्हा मला बाईंचा तो प्रश्न कळला. पाककृतींच्या पुस्तकाची पानं लिहिणं मात्र फार वाईट. वांग्याच्या भरिताचं पान मी दोन हप्त्यांत लिहिलं, मधे घरी जेवायला गेलो. कवितेला अर्धा कप पुरतो. भुताच्या गोष्टीला चहा करणारं दुसरं कुणीतरी घरात हवं. कादंबरीला थर्मास.

इथवर सगळं आनंदाचं होतं. आता अवघड भाग आला.

बुधवार, दिनांक ११ जून, साडेचारचा चहा. बाकावर आपले धोंडिबाकाका औताडे होते, एसटीचे निवृत्त वाहक. वय अठ्ठ्याहत्तर. सिल्लोडपर्यंतचे सगळे थांबे जे उलट क्रमानं म्हणून दाखवायचे आणि आपण टाळ्या वाजवायचो, ते काका. शेजारी मोनिकाताई होत्या. त्यांनी नुकतंच ते निळं पुस्तक वाचलं होतं. त्या म्हणाल्या, "शेवट काय जबरदस्त आहे! तो डॉक्टर असेल असं वाटलंच नव्हतं."

काका म्हणाले, "डाक्टर? कोणता डाक्टर? मावशीनं मारलं त्याला!"

"काका, मावशी आंधळी आहे."

"आंधळी कशाची? सोंग व्हतं तिचं! म्या नोकरीला लागलो त्या साली वाचलंय. लई बेरकी बाई."

सगळे हसले. मोनिकाताईंनी पुस्तकच आणलं. काकांनी चष्मा लावून सहाही पानं वाचली. खाली 'मूळ प्रतीवरहुकूम' वाचलं. कुणीतरी म्हणालं, "काका, आता थांबे सुलट म्हणा, उलट राहू द्या." परत सगळे हसले. काका नाही हसले. अर्धा कप तसाच ठेवून उठले. मी किटली धरून तिथंच उभा होतो, चार हातांवर. मी एक शब्द बोललो नाही.

पुढच्या सोमवारी काकांच्या सूनबाई, आशाबाई, कपडे टाकून गेल्या. इस्त्रीआधी मी खिसे तपासतो, हा धंद्याचा नियम. काकांच्या शर्टाच्या खिशात चिठ्ठी निघाली. काकांच्याच अक्षरात: "माझे नाव धोंडिबा औताडे. घर उस्मानपुरा. सापडल्यास मुलाला फोन करावा." खाली नंबर.

मी दुसरा शर्ट बघितला. त्यातही तीच.

संध्याकाळी आशाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मामंजींचं काय झालंय कळंना. किराण्याला एकटे जाईनात. गॅस बंद केला का म्हणून दहादा विचारतेत. वाचनालयाचं कार्ड मला देऊन टाकलं. म्हणले, डोकं गळाय लागलं, आता पुस्तकं कशाला."

मी रात्रभर जागलो नाही, खोटं कशाला सांगू, मी झोपलो. पण सकाळी सहालाच, आदल्या संध्याकाळी वाचनालयातून आणलेलं ते निळं पुस्तक घेऊन बसलो आणि पहिल्या पानापासून वाचलं. पान ६३ वर आंधळी मावशी डॉक्टरला म्हणते, "आज दाढी राहिली वाटतं करायची." ज्यांनी हे पुस्तक वाचलंय त्यांनी घरी जाऊन बघावं. दिसत नाही तर दाढी राहिली हे हिला कळलं कसं? लेखकानं तिथंच सांगून ठेवलं होतं. मी वाचलं, मोनिकाताईंनी वाचलं, या गावातल्या किमान चाळीस वाचकांनी वाचलं. लक्षात राहिलं एकट्या काकांच्या.

मी बाईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता कार्ड मागतील. त्या म्हणाल्या, "हे मला कशाला सांगतोस? ज्याचं नेलंस त्याला परत कर."

मी दोनदा काकांच्या घरी गेलो. दोन्ही वेळा इस्त्रीचे कपडे दिले आणि आलो. मग परत बाईंना तोंड दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "चार लोकांत हसले ना त्यांना? मग चार लोकांतच सांग. माझ्या निरोपाला तू बोलशील. त्यांना रिक्षात घालून मी आणते." एकतीस वर्षं नोकरी केलेल्या बाईनं आपल्या सत्काराची वेळ माझ्या चुकीला दिली. बाईंच्या मोठेपणाबद्दल यापेक्षा जास्त मला बोलता येत नाही.

काका, तुम्ही दुसऱ्या ओळीत बसलाय. तुमचं डोकं गळलेलं नाही. पन्नास वर्षांपूर्वी वाचलेलं पुस्तक तुम्हाला बरोबर आठवतं. चूक पुस्तकात होती, आणि ती मी केली. मला माफ करा असं म्हणायच्या आधी हे सगळ्यांना नीट ऐकू जाऊ द्या. मावशी आंधळी नव्हती.

उठू नका काका, बसा. मी येतो... काय म्हणता? मागे ऐकू गेलं नसेल, म्हणून माइकवर सांगतो. काका म्हणतायत, "म्या म्हणलं नव्हतं का? लई बेरकी!" आणि मोनिकाताईंकडे बघून म्हणतायत. मोनिकाताईंनी कान पकडलेत.

आता काका विचारतायत, "अन् मला येडा ठरीवलास व्हय रे, गाढवा?" व्हय काका. ठरवलं. गाढव बरोबर आहे.

एक मागणं आहे. मावशीनं मारलं हे मला कळलं, पण का मारलं आणि इन्स्पेक्टरनं तिला पकडलं कसं, हे मी आजपर्यंत वाचलेलं नाही. छापणारा गेला, दुसरी प्रत नाही. म्हणजे तो शेवट आता एकाच ठिकाणी शिल्लक आहे, दुसऱ्या ओळीत, खुर्ची क्रमांक चारवर. काका, उद्यापासून साडेचारला तुम्ही सांगा, मी लिहितो. डॉक्टरची सहा पानं मी काल संध्याकाळी खळ भिजवून सोडवली, फाडली नाहीत. नव्या पानांखाली लिहीन, 'धोंडिबा औताडे यांच्या आठवणीवरहुकूम', आणि सही तुमची घेईन.

काका म्हणतायत, "सा पानात मावायचं नाय. तिची लई लांब कहाणी हाय." कागद मी आणतो, काका. आशाबाई, ते कार्ड तेवढं आज परत द्या त्यांना.

बाई, उद्या वाचनालयाच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हातात जातील. तुम्ही आता सभासद म्हणून याल, तेव्हा नवे ग्रंथपाल तुम्हाला विचारतील, काय वाचता. त्यांना खरं उत्तर द्या. आणि एकदा तरी रहस्यकथा घ्या. घरापर्यंत सोडायला मी येईन.

अध्यक्ष साहेबांनी ठरल्यापेक्षा नऊ मिनिटं जास्त बोलू दिलं, श्रेया मॅडमनी मधे पाणी पुढं केलं, तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलं, सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर लहान समजून ते पोटात घाला. लिहिण्यात झालं ते मात्र घालू नका. ते काका आणि मी मिळून दुरुस्त करतो.

जय भीम. नमस्कार.