तिसरं बटन

नाही नाही, साहेब, तो नाही. खालच्या फळीवरचा कुठलाही उचला, तो वरचा तेवढा सोडा — बसा ना, स्टूल हलतं जरा, पण पडत नाही. वडिलांच्या फियाटमध्ये होता अगदी तसाच रेडिओ हवा, म्हणून डोंबिवलीहून कोपरीत आलात, कळतं मला. सगळ्यांना तसाच हवा असतो. ऐंशीच्या सुमारास हेच लोक यायचे — काढा हा डबा, कॅसेटवाला बसवा — आणि जुना सेट न्यायला थांबायचेसुद्धा नाहीत. मी म्हटलं ठेवून देऊ, लोखंड काय खायला मागतंय? बायको म्हणायची, भंगारवाले झालात. आता बघा, शहाण्णव साल उजाडलं आणि मोठमोठे लोक माझ्या दारात. नौपाड्यातले एक डॉक्टर आहेत, त्यांची गाडी कधीच विकली गेली, तरी सेट नेला — दिवाणखान्यात, चांदीच्या भांड्यांशेजारी ठेवलाय. संध्याकाळी समोर खुर्ची टाकून बसतात. त्यांच्या मिसेस मला म्हणाल्या, त्र्यंबकशेठ, आता स्टिअरिंग पण आणून द्या एकदाचं.

हा घ्या, हा बघा. पाच बटनं, पाची जिवंत. आजच्या पोरांना हे माहीतच नाही — आत काही कॉम्प्युटर-बिम्प्युटर नाही, नुसत्या पट्ट्या आणि स्क्रू. चकती फिरवून स्टेशन लावायचं, बटन असं बाहेर खेचायचं, आणि परत आत दाबायचं — खट्. बसलं. पुन्हा कधीही दाबा, त्याच जागी जाणार. आधीचं मात्र गेलं, कायमचं. चांगला पारखी सेट हातात आला की पहिलं हेच करून बघतो. तुम्ही पण केलंत लगेच, बघितलं मी. हात तयार आहे तुमचा.

परत वरच बघताय. बरं, खाली काढतो, बघायला काय जातंय — धूळ नाही त्याच्यावर, पाहिलंत? काटा तेवढा तुटलाय, त्यामुळे स्टेशन कुठल्या आकड्यावर आहे ते दिसत नाही. ते बटनालाच ठाऊक. हा आमच्या चंदूचा. चंदू म्हणजे इथल्या कोळीवाड्यातला, बाप होडीवर आणि हा टॅक्सीवर — पाण्याची भीती वाटते म्हणायचा, कोळ्याचं पोर असून. सगळे चिडवायचे. सेट मीच बसवला त्याच्या गाडीत. पहिल्या बटनावर मुंबई, दुसऱ्यावर विविध भारती, आणि तिसऱ्यावर — काहीच नाही. नुसती खरखर. म्हटलं, अरे इथे स्टेशनच नाही, बटन कशाला फुकट घालवतोस? तर म्हणतो कसा, असू दे शेठ, इथे कोणीतरी आहे. मी हसलो. पॅसेंजर पण वैतागायचे, ओ भाऊ, गाणं लाव ना. हा आपला कळव्याच्या पुलावर आला की तिसरं दाबणार.

चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर गाडी तिथेच मिळाली. पुलाच्या तोंडाशी. दार उघडं, चपला आत, रेडिओ चालू — तिसरं बटन दाबलेलं. चंदू नाही. खाडीत माणसं उतरली, होड्या फिरल्या. त्याला ना खाडीनं परत दिलं, ना कोणी कुठे पाहिलं.

गाडी विकली घरच्यांनी. सेट मात्र त्याची आई, भागीरथीमावशी, पदरात गुंडाळून घेऊन आली — शेट, वाजव. मी बॅटरी जोडली, वायर लावली. तिनं बाकीची बटनं बघितलीच नाहीत. तिसरं दाबलं आणि ऐकत बसली. मी सांगितलं, मावशी, हे नुसतं हवेतलं आहे, सगळ्या रेडिओत येतं. म्हणाली, माजा चंदू हाय यान. तेव्हापासून शनिवारी मासळी विकून झाली की पाटी बाहेर ठेवते, आत येते, त्याच स्टुलावर बसते. तुम्ही बसलात त्याच. नाही, असू दे, बसा, अजून वेळ आहे तिला.

वेडी म्हणा. मीही म्हणायचो, मी धंदेवाला माणूस, वायर कुठून कुठे जाते ते कळतं मला. पण काय होतं — ती गेल्यावर सेट बंद करायचा राहतो कधीकधी. म्हणजे राहतो नाही, मीच ठेवतो. दुपारची गिऱ्हाईकं नसतात. आणि दुसऱ्या सेटवर खरखर वेगळी येते हो, मी लावून बघितली, सगळ्या लावून बघितल्या. ह्याच्यात मागे कायतरी चालतं. पाणी म्हणा. आणि एकदा — हसाल तुम्ही — एकदा मी सोल्डरिंग करत होतो, पाठ होती माझी, आणि अगदी त्याच्या आवाजात, ओ त्र्यंबकशेठ. रोज टॅक्सीतून हाक मारायचा तशी. मी ओ दिली, साहेब. ओ देऊन बसलो. बायकोला नाही सांगितलं हे. तुम्हाला कशाला सांगतोय कोण जाणे. तेव्हापासून मी ती चकती फिरवलेली नाही, फडक्यानं पुसताना पण —

हे काय वाजलं?

तुम्ही खेचलंत. नाही, दाबलंत नुसतं? की खेचून दाबलंत? बोला ना. चकती पण फिरवलीत आधी. हात तयार आहे, मीच म्हणालो.

थांबा. गप्प बसा जरा. वायर लावू दे — हं. हे गाणं. ही विविध भारती. इथे अलीकडे, हळू — ही खरखर. ही नाही. ही पण नाही. ही तर कुठल्याही डब्यात येते.

पैसे आत ठेवा. मी मागितले का? उठा तिथून, स्टूल रिकामं करा.

या, मावशी. लवकर आटपलं आज? बसा... हो, खालीच काढून ठेवलाय, तुमच्यासाठीच... नाही, आज नाही वाजणार. बॅटरी उतरलीय.

साहेब, निघा तुम्ही.