दारातलं बाकडं

अध्यक्ष दादासाहेब, संस्थेचे संचालक, गावकरी मंडळी, आणि मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या मैत्रिणींनो,

माळी सरांना जाऊन आज दहा दिवस झाले. या पटांगणात उभं राहून ‘सर होते’ असं म्हणायला जीभ वळत नाही. त्यातून माझ्याआधी चार जण बोलले, आणि चौघेही फार गोड बोलले. मला तसं जमणार नाही. सरांनी मला गोड बोलायला शिकवलं नाही.

त्यांनी मला एक इंग्रजी शब्द शिकवला. तो कसा शिकवला, एवढंच सांगते.

आम्ही सातवीत होतो. शब्द होता ‘हिंडर’. आम्ही पाठ केलं, हिंडर म्हणजे थांबवणं. सर म्हणाले, चूक. त्यांनी एक बाकडं ओढलं, वर्गाच्या दारात आडवं टाकलं, आणि आमच्या वर्गातल्या हौसाला आडावरून भरलेली कळशी आणायला सांगितली. हौसानं कळशी खाली ठेवली, परकर सावरून बाकडं ओलांडलं, वाकून कळशी आत घेतली. सरांनी पाणी माठात ओतायला लावलं आणि तिला परत पाठवलं. पुन्हा बाकडं. पुन्हा परत. चौथ्या खेपेला हौसा उंबऱ्यावरच बसली.

“ऱ्हाऊ द्या की सर. तहान न्हाय कुणाला.”

आम्ही हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, मी तुला येऊ नको म्हटलं का? हौसा म्हणाली, न्हाय. मग थांबलीस का? तिनं बाकड्याकडे बोट दाखवलं.

तेव्हा सर म्हणाले, “याला हिंडर म्हणतात. नाही म्हणायचं नाही. माणूस दमून आपणहून बसेपर्यंत वाट बघायची. आणि पोरींनो, बाकडं आपल्या पायानं चालत दारात येत नाही. ते कुणी ठेवलं, हे विसरू नका.”

मी विसरले नाही.

मंडळी, आपली शाळा सातवीला संपते. आठवी नदीपलीकडे, कुरुंदवाडला. पावसाळ्यात होडी बंद. मुलगे तिकडे खोली घेऊन राहतात. मुली घरी बसतात. म्हणून सरांनी आठवीचा वर्ग मागितला. दर उन्हाळ्यात शिक्षण खात्याला अर्ज लिहिला. खोली रिकामी होती. जादा तास घ्यायला ते स्वतः तयार होते. हवी होती फक्त अध्यक्षांची सही.

एकदा मी त्यांच्याबरोबर गेले होते. ऑफिसाबाहेर आम्ही दुपारभर बसलो. मग दादासाहेब बाहेर आले आणि म्हणाले, “बघू की मास्तर. घाई काय हाय? पोरी कुठं पळून चालल्यात?” सगळे हसले. पुढच्या वर्षी निवडणूक होती. त्याच्या पुढच्या वर्षी कौलं शाकारायची होती.

दादासाहेब, तुम्ही मला वडिलांच्या जागी. खोटं बोलणार नाही. तुम्ही सरांना कधीच नाही म्हणाला नाहीत. दर वेळी चहा पाजलात. दर वेळी बघू म्हणालात.

मघाशी इथं ठराव वाचला. ‘परिस्थितीच्या अडचणींमुळे सरांचं स्वप्न अपुरं राहिलं.’ कुठली परिस्थिती? कुठल्या गल्लीत राहते ती? मला तिचं घर दाखवा, मी जाऊन विचारते.

सर तीनदा आमच्या घरी आले. आमचे आबा म्हणाले, “पोरगी पाण्यात गेली तर, मास्तर?” सरांनी कुरुंदवाडला स्वतःच्या बहिणीकडे माझी सोय केली. म्हणून मी आज बी.ए. आहे, आमच्या घरातली पहिली. टाळ्या नकोत. वर्गात इंग्रजीत पहिली हौसा यायची, मी नव्हे. ती बघा, तिथं उभी आहे, लेकरू कडेवर घेऊन. आठ वर्षं झाली. तिनं अजून बाकडं ओलांडलेलं नाही.

माझी धाकटी बहीण सुशी यंदा सातवी झाली. तिच्याबरोबर अकरा जणी. सरांच्या बहिणीचं घर आता तिथं नाही. या बारा जणींनी कुठं जायचं?

दादासाहेब म्हणाले, सरांचा फोटो ऑफिसात लावू. ज्या ऑफिसाच्या बाहेर त्यांना बसवलंत, त्याच ऑफिसात. आणि आठवीचं कुणीतरी विचारलं, तर म्हणाले, बघू.

सरांचा शेवटचा अर्ज त्यांच्या टेबलाच्या खणात सापडला. काल माळीकाकूंनी तो माझ्या हातात दिला. खात्याकडे पाठवायची मुदत या शनिवारपर्यंत आहे. खाली फक्त एक जागा रिकामी आहे. हा मी तो सरांच्या फोटोपुढे, टेबलावर ठेवते. शेजारी त्यांचंच पेन ठेवते. शाई भरून आणली आहे.

आता सरांसाठी आपण सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू.

दादासाहेब, तुम्ही बसा. उभ्यानं सही नीट होत नाही.