मोत्याची टाचणी

मिस ऑल्डन : पण मिस्टर टॅन्सली, आमची टीव्ही मालिका खऱ्या इतिहासावर आहे. थॉर्नकोट हवेलीच्या दप्तरात स्पष्ट लिहिलंय, १९१३ साली पाहुण्या लेडीसाहेबांची मोत्याची टाचणी हुजऱ्याच्या मोज्यात सापडली. तो हुजऱ्या तुम्हीच ना?

पर्सी : मीच. सापडली हे खरं, चोरली हे खोटं.

मिस ऑल्डन : मग मोज्यात गेली कशी?

पर्सी : ते सांगता येत नाही.

हेस्टर : अठ्ठावन्न वर्षं हेच ऐकतेय मी. तू चहा घे, पोरी.

मिस ऑल्डन : नाव बदललं तरी गाव ओळखणार. सगळा देश तुम्हाला चोर म्हणेल.

पर्सी : हेस्टर, जरा कोंबड्यांना दाणे टाकून ये ना.

हेस्टर : कोंबड्या जेवल्यात.

पर्सी : बरं, ऐका मग. आम्हाला घ्यायचे ते उंची आणि पोटऱ्या बघून. गुडघ्याएवढी विजार, खाली पांढरे रेशमी मोजे. नावसुद्धा आमचं नाही, पहिला हुजऱ्या कोणीही असो, त्याला जेम्सच म्हणायचे. उंची होती माझी, पण पाय बगळ्याचे. मोज्यांत लोकरीच्या गाद्या भरायचो.

मिस ऑल्डन : पोटऱ्या खोट्या होत्या?

पर्सी : हळू बोला हो. लेडीसाहेबांनी शेजारी बसलेल्या कर्नलशी त्यावरच पैज लावली, पोटऱ्या खऱ्या की खोट्या. मी सूप वाढत होतो, त्यांनी माझ्या पोटरीत टाचणी खुपसली. मला पत्ताच नाही! बटलरला ती चमकताना दिसली, आणि बाई आपल्या गप्प. पैजेचं मला पुढे कर्नलच्या नोकराने सांगितलं.

मिस ऑल्डन : मग तेव्हाच गाद्या काढून दाखवायच्या.

पर्सी : बटलरच्या मागे ही हेस्टर उभी होती, तेव्हा लाँड्रीत होती. आदल्याच रविवारी म्हणाली होती, थॉर्नकोटमध्ये सगळ्यात देखणे पाय तुझे. म्हटलं, नाव जाऊ दे, पाय राहू देत.

मिस ऑल्डन : पण लग्नानंतर?

पर्सी : लग्न महायुद्धानंतर झालं. हिला सांगितलं, पाय खंदकात झिजले. लिहा आता सगळं, चोर नको. हेस्टर, बोल की काहीतरी.

हेस्टर : टाचणीचं आज कळलं. गाद्यांचं तेव्हापासून माहीत आहे. मोजे कोण धुवायचं, पर्सी? तू त्या आतच विसरायचास.

पर्सी : मग देखणे पाय म्हणालीस ते?

हेस्टर : डावी गादी उसवली होती, ती मीच शिवली होती. देखणी म्हणणारच ना मी.