शाळेत मला ‘बाई’ म्हणायचं

आजच्या कार्यक्रमाच्या सन्माननीय अध्यक्षा डॉक्टरबाई, व्यासपीठावर बसलेले आपले मुख्याध्यापक सर, पालक संघाचे पदाधिकारी, समोरचे माझे सहकारी, पालकवर्ग, मागे खिडकीत चढून बसलेले आणि आत्ताच्या आत्ता खाली उतरणारे चौथीचे विद्यार्थी, आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत त्या, आपल्या सगळ्यांच्या ताई,

माझ्याआधी पाच जण बोलले आणि पाचही जणांनी ताईंचं तोंड भरून कौतुक केलं. आता माझ्यासाठी काय उरलं? सर मला म्हणाले, “तुम्ही बोला, तुमचं आटोपशीर असतं.” सर, आज तसं होईलच असं नाही. कारण मला ताईंविषयी जे वाटतं ते कौतुक नाही. मला त्यांचा हेवा वाटतो. त्या आल्या त्या दिवसापासून वाटतो, आणि आज त्या निघाल्या तरी तो काही कमी झालेला नाही.

पालकांपैकी काहींना आठवत असेल, सरांनी सभेत जाहीर केलं की मुलांच्या मनाची काळजी घ्यायला आपल्याकडे समुपदेशक येणार आहेत. मी तिथेच विचारलं होतं, “मुलांच्या मनाला काय झालंय? माझ्या वर्गात या आणि बघा.” इतकी वर्षं मुलांच्या नाकापासून मनापर्यंत सगळं आम्हीच पुसत आलो, आता त्यासाठी वेगळं माणूस कशाला? तर हे वेगळं माणूस आलं. वयानं माझ्याहून चांगलंच लहान, आणि पहिल्या दिवसापासून सगळ्या शाळेची ताई. मला कधी कुणी ताई म्हटलं नाही. मी बाईच.

जिन्याखालच्या खोलीत आपण मोडके बाक टाकायचो. ताईंनी तीच खोली मागून घेतली. बाक हलले, सतरंजी आली, भिंतीला उशा लागल्या. टेबल नाही, खुर्ची नाही. मी मनात म्हटलं, बघू किती दिवस टिकतंय. आणि मग माझ्या वर्गातली पोटं दुखायला लागली. तशी ती आधीही दुखायची, चाचणीच्या दिवशी तर हमखास. मी डोक्यावरून हात फिरवायचे, पाणी पाजायचे, दुखणं थांबायचं. आता पोरं म्हणायला लागली, “बाई, पोट दुखतंय, ताईंकडे जाऊ?” म्हणजे दुखायचं माझ्याकडे आणि बरं व्हायचं तिकडे. हसू नका, मला तेव्हा अजिबात हसू आलं नव्हतं.

या करतात तरी काय, म्हणून मी एकदा जिन्यापाशी सूचनाफलक वाचत उभी राहिले. फलकावर तेव्हा एकही सूचना नव्हती, हे सरांना माहीत आहे. आत एक मुलगा हुंदके देत होता. आपण काय विचारतो? “काय झालं?” आणि मूल म्हणतं, “काही नाही.” ताईंनी विचारलं, “कुठे झालं?” तो लगेच म्हणाला, “नळापाशी.” मग नळापाशी कोण होतं, बाटली कुणी हिसकावली, सगळं आपोआप बाहेर आलं. मी दुसऱ्याच दिवशी वर्गात एका मुलीला विचारलं, “कुठे झालं?” ती म्हणाली, “काय कुठे झालं, बाई?” मी म्हटलं, “काही नाही, बस खाली.” तर हा असा हेवा. नक्कलसुद्धा धड जमेना.

इथवर मी हसत सांगू शकते. पुढचं थोडं अवघड आहे.

माझी मुलगी याच शाळेत आहे. चौथीची तुकडी एकच, त्यामुळे ती माझ्याच वर्गात. इतर मुलांना वाटू नये की बाई लेकीचे लाड करतात, म्हणून मी वर्षाच्या सुरुवातीला घरीच नियम घातला, “शाळेत मला बाई म्हणायचं.” पोरगी शहाणी. एकदाही चुकली नाही. इथले सगळे शिक्षक जाणतात की मुलं चुकून शिक्षिकेला ‘आई’ म्हणतात, मग जीभ चावतात, वर्ग हसतो. मला असं कितीतरी मुलांनी म्हटलंय, आणि प्रत्येक वेळी मी ते पदक मिळाल्यासारखं घरी नेलंय. माझ्या लेकीनं मात्र वर्गात मला कधी चुकूनही आई म्हटलं नाही, आणि मी त्याचाही अभिमान बाळगला.

एका दुपारी व्हरांड्यात मी वह्यांचा गठ्ठा घेऊन चालले होते. पुढे ताई होत्या. मागून माझी लेक धावत आली आणि तिनं हाक मारली, “आई, थांब ना.” मी थांबले, वळले. ती माझ्या बाजूनं पुढे गेली आणि ताईंचा हात धरला.

आजूबाजूची मुलं हसली. ती लाजली. तिला कळलं होतं की आपण चुकलो. मी वह्या घेऊन वर्गात गेले आणि त्या तासाला काय शिकवलं ते मला आठवत नाही.

शाळा सुटल्यावर मी ताईंच्या खोलीत गेले. चप्पल काढायचंही भान नव्हतं. म्हटलं, “ती तुमच्याशी काय बोलते?”

ताई म्हणाल्या, “ते तिला विचारा.”

“ती काही सांगत नाही. मी तिची आई आहे.”

“आणि इथे?”

खरं सांगते, त्या क्षणी मला या बाईचा राग आला होता. त्यांनी मला सतरंजीवर बसवलं. म्हणाल्या, एवढं एकच तुम्हाला सांगायची तिनं मोकळीक दिली आहे. मैदानावर ती पडली, गुडघा फुटला. पडल्यावर बाकी मुलांना आई आठवते. हिला आई समोर दिसत होती, शिट्टी घेऊन उभी, आणि हाक काय मारायची ते तिला कळेना. म्हणून ती उठली आणि लंगडत या खोलीत आली.

बाकीचं ताईंनी सांगितलं नाही. आजतागायत नाही. मी आडून विचारलं, सरळ विचारलं, एकदा डब्यातला चांगला घास पुढे करूनही विचारलं. घास खाल्ला, सांगितलं नाही.

मग महिन्याभरापूर्वी कळलं की ताई सोडून चालल्यात. लपवत नाही, मला आधी बरं वाटलं. संध्याकाळी घरी लेक जेवली नाही. तिनं विचारलं, “आता शाळेत कुणाला सांगायचं?” मला नाही विचारलं, तिच्या बाबांना विचारलं. ते आज इथे मागे बसलेत. तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “मला सांग. तो नियम गेला. शाळेतही आई म्हण.” ती म्हणाली, “सवय नाही गं.”

ताई, तुम्ही नव्या शाळेत जाल, तिथेही एखादी जिन्याखालची खोली मिळवाल. तिथल्या बाईही तुमच्यावर जळतील. माझ्याकडे इथे एक मुलगी उरते, जिला सवय नाही. रोज तास संपला की मी दाराशी जरा रेंगाळते. अजून ती आलेली नाही. मी थांबेन.

डॉक्टरबाईंनी वेळात वेळ काढला, सरांनी मला बोलू दिलं, आपण सगळ्यांनी ऐकून घेतलं, सर्वांची मी ऋणी आहे. समारंभात न शोभणारं काही बोलून गेले असेन, ते पोटात घालावं आणि इथेच सोडून द्यावं. आता ताईंना फुलं द्यायला चौथीतली एक विद्यार्थिनी येते आहे. निवड सरांनी केली, माझा त्यात हात नाही. ताईंना काहीतरी सांगायचंय असं ती सकाळपासून म्हणते आहे. ते माझ्यासाठी नाही. म्हणून मी माइक बंद करते आणि खाली जाऊन बसते.